१९५७ ची निवडणूक आणि बाजू घेणारी लेखणी

निवडणुका आल्या की एक तक्रार हमखास ऐकू येते. अमुक वृत्तपत्र विकले गेले आहे, तमुक लेखक एका पक्षाचा भाट झाला आहे, निःपक्षपाती लेखन आता उरलेच नाही. तक्रार करणाऱ्यांचा सूर असा असतो की पूर्वी कधीतरी निवडणुकीवरचे लेखन तटस्थ होते आणि ते अलीकडे बिघडले. मराठी पत्रकारितेचा इतिहास थोडा जरी चाळला तरी हे खरे नसल्याचे दिसते. आपल्याकडे निवडणुकीवरचे सर्वांत प्रभावी लेखन बाजू घेऊनच झालेले आहे. त्यामुळे लेखकाने बाजू घेतली की नाही याची चौकशी करून फारसे हाती लागत नाही. ती बाजू वाचकाला दिसत होती का, हे पाहणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

माझ्यासारख्या सरकारी नोकराला या विषयाकडे थोडे बाहेरून पाहता येते, कारण आम्हाला बाजू घेण्याची मुभाच नाही. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील पाचव्या नियमानुसार आम्ही मतदान करू शकतो, पण कोणाला मत दिले किंवा देणार याची सूचनाही देऊ शकत नाही. घरावर वा वाहनावर एखाद्या पक्षाचे चिन्ह लावणे हासुद्धा निवडणुकीत वजन वापरण्याचाच प्रकार ठरतो. ज्याला स्वतः बोलता येत नाही, तो इतरांचे बोलणे जरा जास्त लक्ष देऊन ऐकतो.

मी राहतो ते कुरुद म्हणजे भिलाईला लागून असलेले आणि आता शहरातच विरघळून गेलेले गाव. (धमतरीकडचे कुरुद वेगळे.) येथून मराठी राजकारणाकडे पाहताना एक तारीख विसरता येत नाही. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत दुर्ग आणि नागपूर हे एकाच राज्याचे, म्हणजे जुन्या मध्य प्रदेशचे जिल्हे होते आणि नागपूर ही आमची राजधानी होती. १ नोव्हेंबरला विदर्भाचे आठ मराठी जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, इकडची राजधानी भोपाळला गेली, आणि दुर्ग, रायपूर, राजनांदगाव येथली मराठी कुटुंबे एका रात्रीत नव्या सीमेच्या अलीकडे राहिली. त्यानंतर चारच महिन्यांनी दुसरी सार्वत्रिक निवडणूक आली. मुंबईपुण्यात मराठी माणसाच्या भवितव्याचा निकाल लागत होता, आणि इकडच्या मराठी माणसाचे मत मात्र दुसऱ्याच राज्यात पडत होते. त्याच्या वाट्याला आली ती फक्त हावडा मार्गावरच्या गाडीने पोहोचणारी वृत्तपत्रे. परमुलखातल्या मराठी वाचकाची हीच स्थिती आजही आहे. ज्या निवडणुकीत आपल्याला मत नाही, तिच्याविषयीची मते आपण सर्वाधिक वाचतो.

बाजू घेण्याची परंपरा मात्र १९५७ च्या कितीतरी आधीची. १८८१ साली निघालेल्या 'केसरी'ने आपली बाजू कधी लपवली नाही. त्याच बाजूचे हिंदी रूप नागपुरातून काढणारे माधवराव सप्रे तर आमच्या छत्तीसगढचेच म्हणायचे. १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक त्यांनी सुरू केले आणि १९०७ मध्ये 'हिंदी केसरी'. पुढे न. चिं. केळकर हे 'केसरी'चे संपादकपण सांभाळून १९२३ मध्ये केंद्रीय कायदेमंडळावर निवडून आले. संपादक, पक्षाचा पुढारी आणि उमेदवार या तिन्ही भूमिका एकाच माणसाकडे असण्यात तेव्हा कोणालाच वावगे वाटत नव्हते. विरुद्ध बाजूही तितकीच उघड होती. दिनकरराव जवळकर यांचे 'देशाचे दुश्मन' हे टिळक-चिपळूणकरांवर जहाल टीका करणारे पुस्तक १९२५ मध्ये निघाले, खटला झाला, आणि आरोपींच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्या प्रकरणाशी ज्यांचे नाव जोडलेले होते, ते केशवराव जेधेच तीस वर्षांनी संयुक्त महाराष्ट्र समितीच्या स्थापनेच्या सभेचे अध्यक्ष झाले, हा इतिहासाचा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आता १९५७ कडे येऊ. फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या सप्टेंबरअखेर अहवाल दिला. त्यात विदर्भाचे स्वतंत्र राज्य आणि उरलेल्या मराठी भागाचे गुजरातसह द्विभाषिक राज्य सुचवले होते. २० नोव्हेंबर १९५५ रोजी चौपाटीवरच्या सभेत मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांनी महाराष्ट्राला मुंबई मिळणार नाही असे निक्षून सांगितले. दुसऱ्याच दिवशी फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला आणि १५ माणसे मेली. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली, पुन्हा गोळीबार झाले, आणि १०५ हुतात्मे हा आकडा मराठी मनावर कायमचा कोरला गेला. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. जुलैमध्ये अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख मंत्रिमंडळातून बाहेर पडले. हे देशमुख मूळचे आमच्याच जुन्या मध्य प्रांताच्या सेवेतले आयसीएस अधिकारी. रायपूर जिल्ह्याची जमीन महसूल आकारणी त्यांनी केली होती. अधिकारी म्हणून जन्मभर मोजके बोललेल्या माणसाने संसदेत उभे राहून गोळीबाराच्या चौकशीबद्दल सरकारला सुनावले, तेव्हा त्या शब्दांना निराळेच वजन आले. ऑगस्टमध्ये विशाल द्विभाषिकाचा तोडगा निघाला आणि १ नोव्हेंबरला ते राज्य अस्तित्वात आले.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १५ नोव्हेंबर १९५६ रोजी आचार्य प्र. के. अत्रे यांनी 'मराठा' हे दैनिक सुरू केले. त्यांचे 'नवयुग' साप्ताहिक होतेच. पण निवडणूक तीन-चार महिन्यांवर आली असताना आठवड्यातून एकदा बोलून भागणार नव्हते. 'मराठा' हे समितीच्या बाजूचे पत्र आहे हे त्याच्या नावापासूनच कळत होते, आणि खुद्द संपादक दादरमधून उमेदवार होता. अत्र्यांनी स. का. पाटलांचा 'सदोबा' केला, विरोधकांच्या नावांची, दिसण्याची, बोलण्याची खिल्ली उडवली आणि रोजच्या अग्रलेखाची सभा करून टाकली. गावोगावच्या खऱ्या सभांना अमर शेख, अण्णाभाऊ साठे, गव्हाणकर या शाहिरांचा आवाज होता. वाचता न येणाऱ्यालाही प्रचार पोचत होता तो या आवाजामुळे.

येथे प्रशासनाच्या दृष्टीने एक तपशील महत्त्वाचा आहे. १९५२ आणि १९५७ या दोन्ही निवडणुकांत आजच्यासारखी सर्व नावांची एकच मतपत्रिका नव्हती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, तिच्यावर चिन्ह चिकटवलेले असे, आणि मतदाराने आपली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची असे. समिती ही अनेक पक्षांची आघाडी होती. प्रजासमाजवादी पक्षाची झोपडी, कम्युनिस्टांचे कणीस-विळा, शिवाय शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन आणि कितीतरी अपक्ष. काँग्रेसची बैलजोडी मात्र सगळीकडे एकच. तेव्हा 'समितीला मत द्या' एवढे सांगून भागत नव्हते. या मतदारसंघात समितीची पेटी कोणती, हेही सांगावे लागत होते. बाजू घेणाऱ्या लेखणीने येथे जे काम केले ते आपण एरवी मतदार-शिक्षण या नावाने गौरवतो. तटस्थ लेखणीला हे काम करताच आले नसते.

अत्र्यांच्या आरोळीमागे एक दुसरा मजलाही होता, तो विसरता कामा नये. संयुक्त महाराष्ट्राची बाजू आकडेवारीनिशी मांडण्याचे काम गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांनी केले होते. डॉ. आंबेडकरांनी १९४८ मध्ये भाषावार प्रांतरचना आयोगापुढे निवेदन दिले आणि १९५५ मध्ये भाषावार राज्यांवर पुस्तक लिहिले. मुंबई वेगळी ठेवा म्हणणाऱ्या पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांच्या बॉम्बे सिटिझन्स कमिटीनेही आपले म्हणणे आयोगापुढे मुद्देसूद मांडले होते. हे सर्व लेखन एकेका बाजूचेच. पण त्यात लोकसंख्या, पाणी, वीज, भांडवल, मजूर यांचा हिशेब होता, म्हणून दुसऱ्या बाजूला तो तपासता येत होता. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला नेहमी वाटते की 'मराठा' वाचणाऱ्याच्या हाती गाडगीळांचा युक्तिवादही कोणत्या ना कोणत्या वाटेने पोचत होता, आणि म्हणून त्या प्रचाराला नुसत्या शिवीगाळीचे रूप आले नाही.

निकाल काय लागला? पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचा दारुण पराभव झाला. अत्रे दादरमधून, एस. एम. जोशी पुण्याच्या शुक्रवार पेठेतून विधानसभेवर गेले. लोकसभेत पुण्याहून ना. ग. गोरे, राजापुरातून नाथ पै, नाशिकहून दादासाहेब गायकवाड, मुंबईतून डांगे पोहोचले. खुद्द मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण कराडला थोडक्या मतांनी वाचले. आणि तरीही ३९६ जागांच्या विधानसभेत काँग्रेसला २३४ जागा मिळाल्या आणि चव्हाणच पुन्हा मुख्यमंत्री झाले.

दूर राहून एकाच बाजूचे वाचणाऱ्याची फसगत होते ती येथे. 'मराठा' वाचून असे वाटावे की अवघा मराठी मुलूख एका आवाजात बोलतो आहे. पण त्या राज्यात गुजरात, सौराष्ट्र आणि कच्छ होते. तेथे इंदुलाल याज्ञिकांच्या महागुजरात जनता परिषदेचे आव्हान असले तरी काँग्रेसने बहुमत राखले. मराठवाडा होता. विशेष म्हणजे विदर्भ होता, जेथे मराठी माणसातच दोन मते होती. 'तरुण भारत'चे संपादक ग. त्र्यं. माडखोलकर हे संयुक्त महाराष्ट्राचे कट्टर पुरस्कर्ते. १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनाचे अध्यक्ष तेच होते आणि या मागणीचा ठराव तेथेच झाला. उलट लोकनायक बापूजी अणे आणि ब्रिजलाल बियाणी स्वतंत्र विदर्भाचे. आमच्या घरी नागपूरची पत्रे येत, त्यामुळे हा वाद वडिलधाऱ्यांच्या बोलण्यात कायम असे, आणि मुंबईकर नातेवाईक आले की त्यांना तो समजावून सांगावा लागे. मुंबईच्या पत्रांनी खोटे लिहिले होते असे नव्हे. त्यांनी आपल्या अंगणातले लिहिले, आणि वाचणाऱ्याने ते अंगण म्हणजेच अवघा गाव असे धरले.

या लेखनाची किंमतही मोजली पाहिजे. व्यक्तिगत टवाळीची जी पातळी तेव्हा गाठली गेली, तिचे अनुकरण पुढे अत्र्यांचा विनोद आणि व्यासंग नसलेल्या अनेकांनी केले. काँग्रेसमध्ये राहून मराठी राज्यासाठी आतून प्रयत्न करणाऱ्यांना घरभेदी ठरवले गेले. त्यांच्या बाजूला न्याय मिळायला १ मे १९६० उजाडावा लागला. एका प्रश्नावर उभ्या असलेल्या बाजूचे आयुष्यही त्या प्रश्नाइतकेच असते. राज्य मिळाले, समिती विस्कटली, आणि १९६२ मध्ये काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या.

परंतु जहाल लेखणीमुळे हिंसा माजते, हा सरकारी खात्यांचा आवडता सिद्धांत मात्र या निवडणुकीने खरा ठरवला नाही. माणसे मेली ती १९५५-५६ मध्ये, 'मराठा' निघण्यापूर्वी, जेव्हा लोकांच्या म्हणण्याला मतपेटीचा मार्ग मोकळा नव्हता. निवडणुकीनंतर, ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंडित नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी आले, तेव्हा समितीने प्रचंड निदर्शने केली आणि ती शांततेने पार पडली. जोशींनी लोकांना आवरले, आणि चव्हाणांच्या सरकारनेही निदर्शनांना वाट दिली. प्रशासनाच्या वर्गात शिकवावा असा हा दिवस आहे.

कायद्याने या प्रकाराकडे कसे पाहिले? १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातील कलम १२३ नुसार उमेदवाराच्या व्यक्तिगत चारित्र्याविषयी जाणूनबुजून खोटे विधान करणे हा भ्रष्ट मार्ग आहे. त्याच कलमातील धर्म, वंश, जात, समाज आणि भाषा यांच्या आधारे मते मागण्याची बंदी १९६१ च्या दुरुस्तीने अधिक कडक झाली. मग 'मराठीसाठी मत द्या' म्हणणे गुन्हा ठरेल का? १९६४ मध्ये हरियाणातल्या हिंदी आंदोलनाशी संबंधित जगदेवसिंह सिद्धांती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की भाषेच्या जतनासाठी राजकीय आंदोलन करण्याचे आश्वासन हा भ्रष्ट मार्ग नव्हे. १९६१ मध्ये आलेल्या कलम १२७-अ ने प्रचारपत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे छापणे सक्तीचे केले. माझ्या मते संपूर्ण कायद्यातले सर्वांत शहाणपणाचे कलम हेच. ते बाजू घेण्यास मनाई करीत नाही. नाव सांगा, एवढेच म्हणते.

खरा बिघाड झाला तो हे नाव लपवले जाऊ लागले तेव्हा. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत एकाच नेत्याची स्तुती करणारा मजकूर प्रतिस्पर्धी वृत्तपत्रांत शब्दशः सारखा छापून आल्याचे पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मध्ये दाखवून दिले. प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांच्या उपसमितीने पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर सविस्तर अहवाल लिहिला. २०१० मध्ये कौन्सिलने त्याची त्रोटक आवृत्तीच पुढे आणली, आणि पूर्ण अहवाल २०११ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशाने खुला झाला. अशोक चव्हाण यांच्या खर्चाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. उमेदवाराचा हिशेब खरा आहे का हे तपासण्याचा निवडणूक आयोगाला अधिकार आहे, असा निर्णय २०१४ मध्ये झाला. पुढे आयोगाचा चव्हाणांविरुद्धचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केला.

केंद्रीय सेवेतील अधिकाऱ्यांना आयोग खर्च निरीक्षक म्हणून परराज्यांत पाठवतो. मीही असे काम केले आहे. जिल्हा माध्यम समितीच्या टेबलावर रोज सकाळी कात्रणे येत. बातमी म्हणून छापलेला मजकूर जाहिरात वाटला, तर जाहिरातीच्या सरकारी दराने त्याची किंमत काढून ती उमेदवाराच्या खर्चात धरायची, ही पद्धत. संपादकाने स्वतःच्या नावाने एखाद्या पक्षाची कितीही तळी उचलली असली, तरी त्या कात्रणाशी आमचे काही देणेघेणे नसे. अडचण होई ती निनावी, गुळगुळीत, कोणाचीच बाजू न घेतल्याचा आव आणणाऱ्या अर्ध्या पानाची.

जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले की विकणाऱ्याला दोष माहीत असेल आणि घेणाऱ्याला नसेल, तर खराब माल चांगल्या मालाला बाजारातून हाकलतो. मतांच्या बाजाराचेही तेच. 'मराठा'चा वाचक त्या पत्राचा कल जाणून होता, म्हणून मजकुरातून रुपयाला चार आणे वजा करूनच तो वाचीत असे. लपवलेल्या बाजूतून किती वजा करायचे हे कोणालाच कळत नाही. मग वाचक सगळ्याच लेखनावर अविश्वास दाखवू लागतो, आणि प्रामाणिकपणे तटस्थ राहणाऱ्याचेही मोल जाते.

आपल्या वाचकांपैकी जे कॅनडात आहेत त्यांना हा प्रश्न तिकडेही भेटला असेल. तेथील वृत्तपत्रे निवडणुकीत एखाद्या पक्षाला पाठिंबा देतात आणि तसे संपादकीयात लिहितात. २०१५ मध्ये पोस्टमीडिया समूहाच्या अनेक पत्रांनी मालकांच्या निर्णयाने कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाची बाजू घेतली, तेव्हा 'नॅशनल पोस्ट'च्या संपादकीय विभागाचे प्रमुख अँड्र्यू कॉइन यांनी ते पद सोडले. वाद उघड झाला म्हणून वाचकाला आत काय चालले आहे ते कळले. पक्षाबाहेरच्या गटांनी प्रचाराच्या जाहिरातींवर किती खर्च करावा यावर तेथे कायद्याने मर्यादा आहे, आणि तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती २००४ मध्ये वैध ठरवली. वृत्तपत्राचे मत मात्र जाहिरात मानले जात नाही. पण २०२३ मध्ये मेटा कंपनीने फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर कॅनडातील बातम्या दाखवणेच बंद केले, आणि २०२५ ची संघीय निवडणूक त्याच स्थितीत झाली. बातमी गेली तरी मते राहतातच, आणि मग ती कोणाच्या नावावर आहेत हे पाहणारा कोणी उरत नाही.

आपल्या घराघरांतल्या मोबाइलवर तर मुद्रक आणि प्रकाशकाच्या नावाशिवायचीच पत्रके येतात. उमेदवारांनी आपली समाजमाध्यमांवरची खाती जाहीर करावीत असा आदेश आयोगाने २०१३ मध्ये काढला, तो योग्य दिशेचा होता. पण जो उमेदवार नाही आणि ज्याला पैसे कोणी दिले हे कळत नाही, अशा लेखकापर्यंत तो पोचत नाही. कलम १२७-अ ची अट, म्हणजे छापणाऱ्याचे आणि छापून घेणाऱ्याचे नाव, पैसे मोजून पसरवलेल्या प्रत्येक प्रचारमजकुराला लागू झाली पाहिजे, मग तो कागदावर असो वा पडद्यावर. त्यासाठी मजकुराची सत्यासत्यता ठरवण्याचा अधिकार सरकारकडे देण्याची गरज नाही. तो अधिकार हाती आला तर कोणतेही सरकार त्याचा उपयोग आधी स्वतःच्या 'मराठा'विरुद्ध करील.

परमुलखातल्या वाचकाने कायद्याची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. ज्या निवडणुकीत आपले मत नाही, तिच्याविषयीचा मजकूर पुढे धाडण्यापूर्वी त्याच्या तळाशी कोणाचे नाव आहे एवढे पाहावे. नाव असेल तर बाजू ओळखून वाचावे, आणि दुसऱ्या अंगणातलेही एखादे पत्र मागवावे. नाव नसेल तर तो मजकूर आपल्यापाशीच थांबवावा.